तीस फुटांची वहिवाट

ग्वेनिथ प्रॉसरचा कुत्रा मार्चमध्ये गेला. गेला म्हणजे मारला गेला. टग तेरा वर्षांचा, एका डोळ्यानं आंधळा, मागच्या पायांनी लंगडा. मेंढीमागे धावणं सोडाच, मेंढी अंगावर आली असती तर हाच बाजूला झाला असता. पण पायवाटेवरून चार पावलं सरकून तो ऑब्री स्टॅन्विकच्या कुरणात गवत हुंगत उभा राहिला, आणि स्टॅन्विकनं बंदूक उचलून बार काढला.

"कोकरांचे दिवस आहेत, बाई," तो म्हणाला. "वाट सोडून आत आला, की माझा हक्क. घरी जाऊन नकाशा बघा."

पोलीस म्हणाले, कायदा त्याच्या बाजूनं आहे. तीस वर्षं या खोऱ्यात शाळेची बस चालवलेली ग्वेनिथ रडली नाही, ओरडली नाही. टगला तिनं कोटात गुंडाळून घरी आणलं आणि परसात पुरलं. पुढच्या मंगळवारी ती हेरफर्डला, जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरात गेली.

"कशासाठी हवेत नकाशे?" तिथल्या बाईनं विचारलं.

"एका माणसाचं वाईट करायचंय."

"मग १८१३चं वाटणीपत्र बघा," बाई मान वर न करता म्हणाली. "बरेच जण तिथूनच सुरुवात करतात."

दोनशे वर्षांपूर्वी गायरान बड्या लोकांत वाटलं गेलं, तेव्हा मोजणीदारानं आधी रस्ते आखले होते. त्या नकाशावर चर्चपासून नदीच्या उतारापर्यंत एक पट्टा होता. बाजूला वळणदार अक्षरात लिहिलेलं: सार्वजनिक गाडीरस्ता, रुंदी तीस फूट. आजच्या नकाशात तिथं रस्त्याची खूणसुद्धा नव्हती. होती ती स्टॅन्विकची फळबाग आणि त्यानं लग्नसमारंभांसाठी नुकताच बांधलेला काचेचा हॉल. वाट एकदा लोकांची झाली, की कुणी चालो न चालो, लोकांचीच राहते. ग्वेनिथनं ते वाक्य कायद्याच्या पुस्तकातून उतरवून घेतलं आणि बसमध्ये बसून पुन्हा पुन्हा वाचलं.

मग ती चालू लागली. सोबत शेजारचा इडवल, ऐंशीचा, आयुष्यभर कुंपणं बांधलेला. स्टॅन्विक रविवारी चर्चमध्ये असे, तेवढ्या तासात दोघं नकाशाची प्रत घेऊन त्याच्या रानात घुसत. कुरणाच्या मधोमध हॉलीची, काटेरी पानांची म्हातारी झाडं एका रांगेत उभी होती. इडवल म्हणाला, "ही आपोआप उगवलेली नाहीत. हा बांध होता." पुढे पांदण बुजलेली, पण पायाला खोलगट लागत होती. ओढ्यापाशी इडवलनं कोयत्यानं काटेरी वेली तोडल्या आणि खाली दगडी मोरी निघाली, अगदी नकाशात दाखवलेल्या जागी.

"ग्वेनी, सुडापायी माणूस वाळतो म्हणतात," इडवल घाम पुसत म्हणाला. "तू तर गोबरी झालीस."

"भूक लागते मला हल्ली."

वाट पुन्हा खुली करावी, असा अर्ज सरकारकडे गेला. चौकशीची तारीख लागली तेव्हा स्टॅन्विक तिच्या दारात आला. त्यानं कुत्र्याचं एक काळंपांढरं पिल्लू तिच्या हातात ठेवलं.

"झालं गेलं विसरू या, प्रॉसरबाई. तो अर्ज तेवढा मागे घ्या."

पिल्लानं तिचा अंगठा चाटला. त्याचा काय दोष?

"पिल्लू ठेवते," ग्वेनिथ म्हणाली. "अर्जही ठेवते." आणि तिनं दार लावलं.

चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं नकाशा हातात घेऊन सगळी वाट पायी तुडवली. मोरीवर तो गुडघे टेकून बसला, दगडावरून हात फिरवला आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिला. स्टॅन्विकच्या वकिलानं तेव्हाच आपली फाईल मिटली.

निकालानंतर हॉलची अर्धी बाजू पाडावी लागली. वाट खुली झाली त्या सकाळी चाळीस माणसं जमली होती. सगळ्यांच्या पुढे ग्वेनिथ, दोरीला पिल्लू. उघड्या पडलेल्या फरशीजवळ स्टॅन्विकची मुलगी रोझलिंड उभी होती. ऑगस्टमध्ये तिचं लग्न त्याच हॉलमध्ये व्हायचं होतं. लहानपणी ती शाळेच्या बसमध्ये ग्वेनिथच्या मागच्याच सीटवर बसायची आणि उतरताना रोज आभार मानायची.

"गुड मॉर्निंग, मिसेस प्रॉसर," ती म्हणाली. डोळे सुजलेले होते.

"गुड मॉर्निंग, रोझी," ग्वेनिथ कशीबशी म्हणाली. पण पाय थांबले नाहीत. स्टॅन्विक पलीकडे घराच्या पायरीवर उभा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पुरतं, पापणी न लववता, तो आत जाऊन दार लावेपर्यंत.

आता ती रोज सकाळी आठला तिथून जाते. तेव्हा त्याच्या घरी नाश्ता चालू असतो.