नाही हो, तसं काही नाही

माझ्या भावाच्या डोक्यात एक पोपट आहे. पोपट हे नाव मी ठेवलंय, डॉक्टर लोक त्याला दुसरंच काहीतरी म्हणतात. धाकट्याला चोविसाव्या वर्षापासून कानाशी कुणीतरी बोलताना ऐकू येतं, आणि तो बोलणारा मेला पाच-सहा वाक्यांच्या पलीकडे काही शिकलेलाच नाही. ‘वायर तपास.’ ‘जिन्यात कुणीतरी उभं आहे.’ आणि त्याचं सगळ्यात लाडकं, ‘ताई तुला विकणार.’ दिवसातून वीस वेळा. एकदा वैतागून मी म्हटलं, “अरे, हा माणूस नाहीच, हा पढवलेला पोपट आहे. त्याला म्हणावं, नवीन काहीतरी शीक.” तेव्हा धाकटा इतका हसला की त्याला ठसका लागला. आठ-दहा महिन्यांनी हसला होता तो.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताला काय गुण होता! नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठलं चाक घासतंय. पण दिवसभर लिफ्टचे आवाज ऐकायचे आणि मध्येच हा पोपट, कसं जमणार? पोपट गप्प बसावा म्हणून तो दारू प्यायला लागला. दारूने पोपट तासभर गप्प बसायचा आणि उतरली की दुप्पट बोलायचा. मग पुन्हा बाटली. लोक मला म्हणायचे, “दारू पिऊन डोकं फिरलंय त्याचं.” मी काय सांगणार? आधी डोकं की आधी दारू, ते मलाच विचारा, मी घरात होते.

आईवडील गेले तेव्हापासून आम्ही दोघंच. मी नऊ वर्षांनी मोठी. कपडे उसवून पुन्हा शिवायचं माझं दुकान आहे. लांब पँट आखूड करायची, चेन बदलायची, घट्ट झालेला ब्लाउज सैल करायचा. नवीन काही शिवत नाही. बिघडलेलं सरळ करायचं, तेच काम. म्हणून मला वाटलं, हेही जमेल.

आमच्या सरकारी इस्पितळात तळमजल्यावर व्यसनमुक्ती आणि तिसऱ्या मजल्यावर मानसोपचार. तळमजल्यावर नेलं, तर तिथला माणूस म्हणाला, “याला आवाज ऐकू येतात? मग आधी तिसऱ्या मजल्यावर जाऊन या.” तिसऱ्या मजल्यावर गेलो, तर तिथली बाई म्हणाली, “पितो? मग आधी सहा महिने सोडून या.” सहा महिने सोडता आली असती तर मी तिच्या दारात कशाला उभी राहिले असते, हौस म्हणून? चार वर्षं ही टोलवाटोलवी चालली. आम्ही चेंडू. धाकटा लिफ्टमध्ये उभा राहून कान लावायचा आणि म्हणायचा, “ताई, हिचा दोर बदलायला झालाय गं.” मी म्हणायचे, “आपला आधी तुटेल.”

शेवटी आम्ही शहाणे झालो. लिफ्टमध्येच नियम ठरवला. तळमजल्यावर पोपट नाही आणि तिसऱ्या मजल्यावर दारू नाही. धाकट्याने त्यासाठी एक खास आवाज काढला होता. नोंदणीच्या खिडकीपाशी गेला की पाठ ताठ करायचा, दोन्ही हात पोटावर ठेवायचा आणि अगदी सभ्य माणसासारखा म्हणायचा, “नाही हो, तसं काही नाही.” बाहेर आलो की मला हसू आवरायचं नाही. पण घरी येऊन मी विचारायचे, “पोपट काय म्हणतोय रे? घेतलीस का आज?” तेव्हा तो खरं सांगायचा. “हो गं, घेतली. दोनदा.” मी चिडायचे, आदळआपट करायचे, एकदा तर त्याच्या अंगावर कात्रीची पेटी फेकली होती. तरीही खरं सांगायचा. सगळ्या जगाशी खोटं आणि घरात खरं. तेवढ्यावर आम्ही तग धरून होतो.

मग दुसऱ्या मजल्यावर जोड विभाग निघाला. दारू आणि डोकं, दोन्ही एकाच ठिकाणी. दोन डॉक्टर एकाच टेबलाशी बसणार, एकच फाइल, एकच औषधाची चिठ्ठी. मला तर कुणी स्वर्गात जागा दिल्यासारखं झालं. तिथल्या मुख्य नर्स, त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे. चष्म्याला साखळी, आवाज करडा, पण बसायला खुर्ची स्वतः ओढून देणाऱ्या. पहिल्याच दिवशी धाकट्याने पाठ ताठ केली, हात पोटावर ठेवले आणि सुरू झाला, “नाही हो, तसं काही नाही.”

सिस्टरांनी चष्मा खाली केला. “मग इथे कशाला आलात? दोन्ही असेल त्यालाच इथे घेतात.”

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “सांग रे बाबा. इथे चालतं.”

सिस्टरांनी त्याला हिरव्या पुठ्ठ्याची वही दिली. रोज एक ओळ. डावीकडे, आज ऐकू आलं का. उजवीकडे, आज घेतली का. त्या म्हणाल्या, “खोटं लिहिलंत तर चुकीचं औषध जाईल पोटात. खरं लिहिलंत तर औषध बदलू. खरं लिहिलं म्हणून इथून कुणी बाहेर जात नाही. हा माझा शब्द.”

शब्द. मी त्या बाईवर जीव टाकायला लागले. मंगळवारी आम्ही जायचो, काम झालं की ती आणि मी जिन्याजवळ चहा प्यायचो. तिचा पांढरा कोट खांद्यातून उतरत होता, तो मी घरी नेला, खांदे उसवले आणि असा बसवून दिला की ती आरशापुढून हलेना. “ताई, तुमच्या हातात जादू आहे,” म्हणाली. मी म्हटलं, “तुमच्याही.” खोटं नव्हतं ते. चौथ्या महिन्यात धाकट्याच्या वहीत डावीकडे ‘एकदा, हळू’ आणि उजवीकडे ‘नाही’ अशी पानंच्या पानं भरली होती. तो अर्धा दिवस कामाला जायला लागला. जेवताना बोलायला लागला. एकदा आपणहून माझ्या शिलाई मशीनला तेल घातलं. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं, कारण त्याच्यासमोर रडले असते तर पोपटाला विषय मिळाला असता.

पाचव्या महिन्यात इस्पितळातलं औषध संपलं. आमचं नाही, त्यांचं. खिडकीवरचा म्हणाला, “चार दिवसांनी या.” बाहेर दुकानांतही ती गोळी मिळेना. तिसऱ्या दिवशी पोपट परत आला, आणि मेला नुसता आला नाही, गळा काढून आला. धाकट्याने दोन दिवस घेतली. शुक्रवार आणि शनिवार. रविवारी माझ्यासमोर बसून, पेन्सिल थुंकीने ओली करून लिहिलं. डावीकडे ‘सारखा’. उजवीकडे ‘हो’. दोन ओळी, दोनदा ‘हो’.

मंगळवारी निघताना त्याने वही उघडली आणि ते पान कोपऱ्यात धरलं.

“काय करतोयस?”

“फाडतो. पोपट म्हणतोय, वही देऊ नकोस. दिलीस तर काढतील.”

“पोपटाचं कधीपासून ऐकायला लागलास?”

“ताई, एक पान गं. मागचं-पुढचं सगळं चांगलं आहे.”

मी त्याच्या हातातून वही काढून घेतली. अशी खेचली की कोपरा फाटला. म्हटलं, “चार वर्षं खोटं बोलून काय मिळालं आपल्याला? ही पहिली जागा आहे जिथे खरं चालतं. पोपट खोटारडा आहे, किती वेळा सांगू?”

त्याने पेन्सिल कानावर खोचली. मग म्हणाला, “बरं. तू सांगतेस म्हणून.”

वही मी माझ्या हाताने दिली. सिस्टरांनी ते पान वाचलं, फाटका कोपरा बोटाने सरळ केला आणि म्हणाल्या, “शाब्बास. हेच हवंय मला.” धाकट्याचा खांदा थोपटला. मी त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे, बघ, सांगत नव्हते?

पुढच्या मंगळवारी खिडकीवर त्याचं नाव नव्हतं.

“फाइल बंद आहे,” खिडकीवरचा म्हणाला.

“बंद म्हणजे? ती काय दुकान आहे?”

त्याने एक कागद सरकवला. रुग्णाने नियमांचे पालन केले नाही, सबब उपचार थांबवण्यात येत आहेत. मागे टाचणीने एक छायाप्रत लावली होती. हिरव्या वहीचं पान, धाकट्याचं अक्षर, दोनदा ‘हो’, आणि कोपरा फाटलेला.

धाकट्याला बाकावर बसवलं आणि मी सरळ सिस्टरांच्या खोलीत घुसले. अंगात तोच कोट होता. खांदे छान बसले होते.

“हे काय आहे?”

“बसा, ताई.”

“बसायला आलेली नाही मी. तुम्ही शब्द दिला होता.”

त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, “पाहणी आहे पुढच्या आठवड्यात. विभाग चालू ठेवायचा की बंद करायचा, ते ठरणार आहे. ती माणसं एकच आकडा बघतात, किती जणांनी पुन्हा घेतली. यादीत ‘हो’ दिसले की कुलूप. मग चाळीसच्या चाळीस रस्त्यावर. म्हणून सात नावं कमी करावी लागली.”

“ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ती सात.”

“मला का आनंद होतोय? गेले दोन दिवस घास उतरला नाही माझ्या घशाखाली.”

“औषध तुमचं संपलं होतं, सिस्टर! त्याचं नाही!”

“माहीत आहे मला. पण औषध संपल्याचं कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.”

“आणि मंगळवारी आमच्या शेजारी बसतात ते टॅक्सीवाले काका? बोलायला लागले की वेलदोड्याचा भपकारा येतो. वेलदोडे काय हौस म्हणून चघळतात? त्यांचं नाव आहे ना यादीत?”

“त्यांच्या वहीत ‘नाही’ लिहिलंय. रोज.”

मी हातातल्या छायाप्रतीवरचा फाटका कोपरा पाहिला. मग विचारलं, “म्हणजे आम्ही ते पान फाडलं असतं तर?”

त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकाने पुसला. “तर मला काही दिसलं नसतं, ताई.”

एरवी माझं तोंड कुणाला आवरत नाही. त्या दिवशी मला एक धड शिवी सुचली नाही. एवढंच म्हणाले, “केसाने गळा कापलात तुम्ही,” आणि तेही रडत. मला स्वतःचाच राग आला. वही मागितली तर म्हणाल्या, ती दप्तरी जमा आहे.

बाहेर धाकटा लिफ्टजवळच्या बाकावर बसला होता, कानावर पेन्सिल खोचून. मला बघून उठला.

“वही?”

“ठेवून घेतली.”

“आणि मला?”

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, याच्याशी खोटं बोलावं. म्हणावं, सुट्टी दिलीय, पुढच्या महिन्यात बोलावतील. पण कागद माझ्या हातातच होता. त्याने तो घेतला, वाचला, उलटला, आपलं अक्षर पाहिलं.

“तिने फसवलं रे आपल्याला,” मी म्हटलं.

“तिने,” तो म्हणाला. “वही तू दिलीस.”

“हो.”

“मी फाडत होतो.”

“हो रे, राजा.”

मला वाटलं आता ओरडेल, कागद भिरकावेल, मला धक्का देईल. देऊ दे, म्हटलं. गेली नऊ वर्षं मी त्याला सांगत होते, पोपट खोटारडा आहे, ताई तुला कधी विकणार नाही. आणि त्या हरामखोर पोपटाने एकदा, फक्त एकदा खरं बोलायचं ठरवलं, तेव्हा मीच त्याची साक्षीदार निघाले. धाकट्याने मात्र कागदाची नीट चौपदरी घडी घातली आणि खिशात ठेवली. कानावरची पेन्सिल काढून बाकावर ठेवली.

तिसऱ्या मजल्यावर गेलो. दुसरं कुठे जाणार? खिडकीत नवीन मुलगी होती. “दारू घेता का?” तिने विचारलं. धाकट्याने पाठ ताठ केली, दोन्ही हात पोटावर ठेवले. “नाही हो, तसं काही नाही.” तिने दीड महिन्यानंतरची तारीख दिली. खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, जुनी विद्या तरी विसरलो नाही. लिफ्टमध्ये मी म्हटलं, “अजून बदललेला दिसत नाही दोर.” त्याने कान लावला नाही.

घरी आलो. मी चहा केला, त्याने प्यायला. दुपारभर तो खिडकीपाशी बसून राहिला. ओठ हलत होते. मला कळत होतं, आत बोलणं चालू आहे. संध्याकाळी तो अर्धा तास बाहेर जाऊन आला. जेवणं झाली, मी भांडी घासत होते, तो पुसून ठेवत होता. त्याच्या तोंडाला वासही येत होता. नेहमीसारखं मी विचारलं, “पोपट काय म्हणतोय रे? घेतलीस का आज?”

त्याने फडकं खांद्यावर टाकलं. पाठ ताठ केली. दोन्ही हात पोटावर ठेवले आणि माझ्याकडे अगदी सभ्यपणे बघितलं.

“नाही हो,” तो म्हणाला, “तसं काही नाही.”

मग माझ्या हातातली ताटली घेतली, पुसली आणि जागेवर ठेवली.