दुधाचा काका

सहारा वाळवंटाकाठच्या नवाकशोत शहरात, आपल्या अंगणात तकबेरने तंबू ठोकला होता. तिच्या कादंबरीच्या कौतुकाचा समारंभ होता, झाडून सगळे भाऊबंद जमले होते. कादंबरी होती तिच्या आजोबांच्या गुलाम बाईवर, मबारकावर. तकबेरच्या वडिलांना अंगावर पाजून तिनेच वाढवलं होतं. तिची माया वाचून परदेशातल्या वाचकांचे डोळे पाणावले होते. आता मबारकाच्या मुलाने, सालेकने, चारचौघांत 'हे सगळं खरं आहे' म्हणावं, एवढीच तकबेरची इच्छा होती.

सत्तरीचा सालेक आला. त्याला मानाने पुढच्या गालिच्यावर बसवायचं, हे तिचं आठवडाभर ठरलेलं. पण तो दारात दिसला मात्र, तोंडातून निघालं, "आलास? बरं झालं बाबा. तेवढं बकऱ्याचं बघ रे, खाटीक अजून उगवला नाही."

गोऱ्या मालकांच्या घरातल्या शेंबड्या पोरानेही काळ्या म्हाताऱ्याला काम सांगावं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. सालेक निमूट गेला. बकरं कापून, सोलून परत आला तेव्हा त्याच्या नव्या झग्यावर रक्त उडालं होतं. ते पाहून तकबेरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलंच माझं," ती हळूच म्हणाली.

"असू दे. लेकीकडून पुस्तक वाचून घेतलं तुझं. माझ्या आईच्या दुधावर तुझा बाप वाढला, मीही वाढलो. मग धर्माने आम्ही कोण?"

"दूधभाऊ."

"आणि मी तुझा कोण?"

ती ओढणीच्या टोकाने त्याच्या झग्यावरचं रक्त पुसू लागली.

"तीनशे पानांत मी नुसता 'आमचा सालेक' आहे, पोरी. लोकांसमोर काका म्हणून हाक मार. मग खुशाल सांगतो, सगळं खरं आहे म्हणून."

शेजारी बसलेल्या आत्याने नाक मुरडलं. "अगंबाई! आता हे आपल्याला नाती शिकवणार?"

तकबेर माईकपाशी गेली. "आता बोलायला येताहेत माझे..." तिची नजर आत्याकडे गेली, भावांकडे गेली. "...आमच्या घरातले जुने, विश्वासू सालेक."

म्हातारा सावकाश उठला, माईकजवळ आला.

"पुस्तकात लिहिलंय तसंच आहे," तो म्हणाला. "अजूनही."

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आत्याच्या. तकबेरला मान वर करवेना.