दाराबाहेर कोण होतं?

मित्रांनो, परळच्या एका चाळीत, तुळसाबाईंच्या पोटमाळ्यावर, पितळी हंड्याच्या शेजारी माझा मुक्काम आहे. मी सिनेमा दाखवणारा प्रोजेक्टर. माझा दिवा केव्हाच गेला, पट्टेही सैल पडले. पण एके काळी लालबाग-परळमध्ये कुठे पूजा असली, की बायका भराभर स्वयंपाक आवरून विचारायच्या, "उत्तमचं मशीन आलं का?" ते मशीन म्हणजे मी.

उत्तम गिरणीत कामाला होता. एका शाळेने मोडीत काढलेल्या मला त्याने घरी आणलं, सुटं केलं, तेलपाणी केलं आणि पुन्हा जोडलं. माझं भिंग पुसायला त्याने स्वतःच्या लग्नातलं मऊ उपरणं फाडलं, तेव्हा त्याची बायको दोन दिवस बोलली नाही म्हणे. मला मात्र तेव्हाच कळलं, की आपण चांगल्या हातांत पडलो.

चाळीच्या अंगणात दोन बांबू रोवून पांढरा पडदा लावायचे. समोर जागा पुरायची नाही, म्हणून निम्मी माणसं पडद्याच्या मागे बसायची. त्यांना सगळं उलटं दिसायचं. नायक डाव्या हाताने जेवायचा, पण त्याची तक्रार कोणी केली नाही. तुळसाबाई नेहमी मागेच बसायच्या. तिकडे गर्दी कमी, मांडीवरच्या पोरीला पाय पसरता यायचे.

मग गिरण्यांचा मोठा संप आला. तुळसाबाईंचे यजमान रामजी उत्तमच्याच खात्यात होते. पावसाळ्यात ते काम शोधायला सुरतेला गेले. दसऱ्याला पत्र आलं, "काम लागलंय. दिवाळीला येतो." दिवाळी आली आणि गेली. उत्तम स्वतः सुरतेला जाऊन आला. रामजी तिथलं काम सोडून गेले होते. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच हिवाळ्यात, सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाला, उत्तमने एक नवीन सिनेमा आणला. बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईची गोष्ट होती. तुळसाबाईही बघायला बसणार, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पहिलं रीळ सुरू झालं होतं. शेवटच्या रिळात ती बाई तांदूळ निवडत असते. दारावर थाप पडते. ती उठते, पदराला हात पुसते, कडीवर हात ठेवते आणि सिनेमा संपतो.

पडदा पांढरा झाला. मग एकच गलका उठला.

"अरे, पुढचं लाव ना!"

"रीळ खाल्लंस काय रे, उत्तम?"

दोन चपला पडद्यावर येऊन आदळल्या. "शेवट एवढाच आहे, शपथ!" असं उत्तम ओरडून सांगत होता, पण ऐकतंय कोण! मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. माझा काहीही दोष नसताना मी चोर ठरलो होतो.

पण दुसऱ्या दिवसापासून वेगळीच गंमत सुरू झाली. नळावर, जिन्यात, संपाच्या सभेहून परतताना, सगळीकडे एकच वाद. कोणी म्हणे नवरा, कोणी म्हणे तार घेऊन पोस्टमन. "अहो, दूधवाला असेल," असं एक आजोबा म्हणाले, तर त्यांच्या सुनेने त्यांना दिवसभर चहा दिला नाही. इतके सिनेमे मी दाखवले, पण इतके दिवस कोणत्याच सिनेमावर कोणी बोललं नव्हतं.

पूजेच्या मंडळाचे चिटणीस रमाकांत मात्र चिडलेले होते. "हे बघ उत्तम, हनुमान जयंतीला तोच सिनेमा लाव. पण नवरा घरी आला पाहिजे. कसं करायचं ते तू बघ. नाहीतर पुढच्या वेळेपासून आम्ही दुसरा माणूस बोलावतो."

संपात उत्तमला माझ्याशिवाय दुसरं काम नव्हतं. शिवाय त्याच्या मनात तुळसाबाई होत्या. निदान पडद्यावर तरी नवरा परत यावा, असं त्याला वाटलं. एका जुन्या, फाटक्या रिळात हातात ट्रंक घेऊन दारात हसत उभ्या राहिलेल्या माणसाचा तुकडा होता. तो त्याने कापला आणि शेवटाला जोड मारून चिकटवला.

हनुमान जयंतीला कडीवर हात पडला, दार उघडलं आणि तो माणूस हसला. अंगणात टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. रमाकांतनी उत्तमची पाठ थोपटली.

पडद्यामागून तुळसाबाई पोरीला खांद्यावर घेऊन माझ्याजवळ आल्या.

"भावोजी, हा मेला कोण?"

"वहिनी, नवरा... तिचा नवरा आला."

"माका ह्यां नको," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तीन महिने त्या दाराबाहेर माझा माणूस उभा होता. रोज निजताना मी त्याला बघत होते. तुम्ही तिथं हा भलताच आणून ठेवलात."

उत्तमने तिथल्या तिथे, लोक सतरंज्या गुंडाळत असताना, कात्री घेतली आणि तो जोड कापून टाकला. रमाकांतना तो म्हणाला, "शेवट होता तेवढाच दाखवणार. नको असेल तर दुसरा माणूस बघा."

आणि त्यांनी खरंच बघितला. पुढच्या पूजेला व्हिडिओ आला. उत्तमने पुढे एका छापखान्यात नोकरी धरली. निवृत्त होऊन कोकणात जाताना त्याने मला तुळसाबाईंच्या घरी आणून ठेवलं. तेव्हापासून मी इथेच आहे.

रामजी परत आले नाहीत. तुळसाबाईंनी खानावळ चालवली, मुलगी शिकवली, तिचं लग्न केलं. आता त्यांची नात भाविका त्यांच्याकडे राहते आणि शीवला नोकरीला जाते. परवा रविवारी दोघी मिळून फोनवर एक मालिका बघत होत्या. शेवटचा भाग अधांतरीच संपला. भाविका वैतागली. "शी! हा काय शेवट झाला?" म्हणत ती फोनमध्येच शेवटाचा अर्थ शोधायला लागली. तेव्हा तुळसाबाईंनी वर माझ्याकडे बोट दाखवून तिला ही सगळी हकीगत सांगितली.

भाविकाने फोन बाजूला ठेवला. "मग आजी, तुझ्या मते दाराबाहेर कोण होतं?"

"बरीच वर्षं तुझे आजोबाच होते," तुळसाबाई म्हणाल्या. "मग तुझी आई शाळेतून उशिरा यायला लागली, तेव्हा ती असायची. आजोबा कधी बाजूला झाले, मला कळलंच नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा खूप रडले."

"आणि आता?"

"आता तू. कामावरून यायला जरा उशीर झाला, की मी आपली कडीकडे बघत बसते."

भाविकाने शिडी लावली, वर चढली आणि ओढणीच्या टोकाने माझं भिंग पुसलं. मऊ कापडाने, हलक्या हाताने.

मित्रांनो, मला आता सिनेमा दाखवता येत नाही. पण तुम्हाला एक विनवणी करतो. एखादी गोष्ट अशी अर्ध्यावर थांबली, तर तिचा अर्थ लगेच फोनमध्ये शोधू नका. आधी शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, "तुला काय वाटतं?" आणि तो सांगेपर्यंत थांबा. कदाचित तो सिनेमाबद्दल बोलणारच नाही.