शेजारची रिकामी जागा

मी शहरातल्या बसमधली एक जुनी सीट आहे, मित्रांनो. डाव्या हाताची, पुढून पाचवी, दोघांची. एक जागा खिडकीची, एक वाटेकडची. आता माझा फोम दबून पुठ्ठ्यासारखा झाला आहे. पुष्कळ दिवस मनात साठलेलं एकदा बोलून टाकावं, असं वाटतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर फळी ठोकली, फळीवर फोम आणि फोमवर निळं रेक्झिन ताणून बसवलं. बस नवी होती तेव्हा माझं फार कौतुक झालं. लोक बसण्याआधी माझ्यावरून हात फिरवून बघत. एक आजोबा तर आमच्यासाठी आधीच्या दोन बस सोडून देत. "ही सीट म्हणजे घरची खुर्ची आहे हो," असं चढताना ड्रायव्हरला सांगत. हे असंच चालणार, अशी माझी समजूत झाली.

पाच-सहा वर्षांत कौतुक ओसरलं. कुणी माझ्यावर चिखलाचे बूट ठेवले, कुणी च्युइंगम चिकटवलं, आणि एका दुपारी कुणीतरी किल्लीने माझं रेक्झिन वीतभर फाडलं. आतला पिवळा फोम दिसू लागला. लोक बाहेर बघत बघत तो बोटांनी उकरायचे. शेवटी मला बसमधून सोडवून डेपोच्या शिवणखात्यात नेलं.

शिवणखातं म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. दोन मोठ्या शिवणमशिनी, कापायचं टेबल, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या माझ्यासारख्या फाटक्या सीटा. तिथे मला ती भेटली. वय चाळिशीचं, अंगात पोलक्यावरून चढवलेला डेपोचा ढगळ डगला, आणि डाव्या अंगठ्याला सुई टोचून टोचून पडलेला घट्टा. ती दुसऱ्या देशातून आली होती. तिचं नाव इथल्या लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे तिला शिवणबाई म्हणत. तिच्यावर देखरेख करायला एक फोरमन होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, चष्मा कपाळावर चढवून तोच टेबलावर शोधणारे. त्यांना सगळे फोरमनकाका म्हणत.

शिवणबाईने दाभणाने माझे जुने टाके उसवले, नवा तुकडा कापला, कडेने दुहेरी शिवण घातली. काम झालं की प्रत्येक सीटवर ती स्वतः बसून बघे. आधी खिडकीकडच्या जागेवर, मग वाटेकडच्या. माझ्यावर बसून ती आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. पुढे कानावर पडून पडून ती भाषा मला कळू लागली, तेव्हा समजलं की ती म्हणत होती, "कुठे टोचत नाही ना?"

फोरमनकाका शिवणीवरून नख ओढत म्हणाले, "बाई, ही सीट पुन्हा उसवली तर मी मिशी काढून टाकीन."

मला परत बसमध्ये बसवलं, आणि दोनच दिवसांनी संध्याकाळी डेपोच्या फाटकाजवळच्या थांब्यावर शिवणबाई चढली. तिने मला ओळखलं. खिडकीशी बसून तिने आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवलं आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून ती रोज माझ्यावर बसून घरी जाऊ लागली.

तिसऱ्या थांब्यावर कचेऱ्यांमधले लोक चढत. बस ठासून भरे. माणसं दांड्यांना लोंबकळत, एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी राहत. तरीही तिच्या शेजारची माझी अर्धी जागा रिकामीच राही. कुणीतरी यायचं, जागा बघून सुखावायचं, मग तिच्याकडे बघायचं आणि पुढे सरकायचं. सुरुवातीला ती अंग चोरून खिडकीला चिकटायची, पिशवी मांडीवर ओढायची. जागा अपुरी पडते म्हणून लोक बसत नसावेत, असं तिला वाटत होतं. खरं काय ते तिला महिन्याभरात उमगलं. तरी अंग चोरायची सवय मात्र गेली नाही.

एकदा ती उतरल्यावर एक चांगल्या घरची बाई माझ्यापाशी आली. तिने पर्समधून रुमाल काढला, खिडकीकडची जागा पुसली, आणि मग टेकली. थांब्यावर उभ्या असलेल्या शिवणबाईने ते काचेतून पाहिलं. मित्रांनो, मी चिखल सोसला, किल्लीचा ओरखडा सोसला. तो धुतलेला रुमाल मला जास्त लागला.

शिवणबाईची आई तिच्या गावी एकटी राहत होती. इथे संध्याकाळ होई तेव्हा तिकडे म्हातारीची झोपायची वेळ झालेली असे, म्हणून शिवणबाई बसमधूनच तिला फोन करी. तोंडावर हात धरून, अगदी हळू. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच. एके दिवशी मागून आवाज आला, "ओ बाई, इथे इथली भाषा बोलायची."

ती मागे वळून, शब्द जुळवत म्हणाली, "आईशी बोलते आहे. तिला ही भाषा येत नाही."

"मग आईकडेच जा की."

दोघंचौघं हसली. तिने फोन बंद केला. बंद करता करता पलीकडून आई "अगं, ऐकतेस ना?" म्हणत होती, ते मला ऐकू आलं. त्यानंतर तिने बसमधून फोन केला नाही, आणि घरी पोचेपर्यंत आई झोपून गेलेली असे. मायलेकींचं बोलणं आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी होऊ लागलं.

मग थंडीतली ती संध्याकाळ आली. राखाडी कोट घातलेला एक माणूस बायकोला घेऊन चढला. बायको साठीच्या आसपासची, एका गुडघ्यावर जोर न देता चालणारी. माणूस सरळ माझ्यापाशी आला आणि शिवणबाईला म्हणाला, "उठा. हिला बसायचंय."

शिवणबाईने पिशवी आणखी जवळ घेतली. "ही जागा आहे ना. बसा."

"तुमच्या शेजारी नाही. उठा म्हणतोय."

"मीपण तिकीट काढलंय."

"तिकीट काढलं म्हणजे देश विकत घेतला का?"

सगळ्या बसने ते ऐकलं. कुणी खिडकीबाहेर बघू लागलं, कुणी मोबाइलमध्ये. ड्रायव्हरने वरच्या आरशात डोळे उचलले, आणि सिग्नल हिरवा होताच गाडी पुढे काढली. शिवणबाई क्षणभर थांबली. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून थांबली असावी. मग उठली आणि दाराजवळ जाऊन दांडा धरून उभी राहिली.

"बस आता," माणूस बायकोला म्हणाला.

"मला नाही बसायचं," ती हळूच म्हणाली.

"अगं, जागा करून दिली ना तुला."

"मी मागितली होती का?"

ती बसली नाही. तिला सोडून बसणं त्यालाही बरं दिसेना. त्या दोघांना ओलांडून दुसरं कुणी आलं नाही. माणसांनी खच्चून भरलेल्या त्या बसमध्ये मी चार थांबे पूर्ण रिकामी गेले. माझ्या आयुष्यात इतकं जड मला कधीच वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिवणबाईबरोबर तिची धाकटी बहीण होती. दोघी एका तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत राहत. धाकटी एका हॉटेलच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची.

"ताई, तू उठलीसच का?" तिने विचारलं.

"दिवसभर दाभण ओढून हात गळून गेले होते गं."

"भांडायला हात नाही, तोंड लागतं."

"तेही दमलं होतं."

"मी असते ना, तर त्याच्या मांडीवरच बसले असते."

शिवणबाई खुदकन हसली. माझ्यावर बसून ती हसली, ते तेवढ्यापुरतंच. पुढच्या सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. डेपोच्या थांब्यावर दार उघडायचं, दोन मेकॅनिक चढायचे, दार बंद व्हायचं. मला वाटलं, नोकरी सोडून गेली असेल.

ती नसतानाच माझ्या पाठीवर ते लिहिलं गेलं. लिहिणारा कुणी गुंडबिंड नव्हता. इस्त्रीचा शर्ट, नीट कापलेले केस. त्याने खिशातून जाड शाईचं पेन काढलं, माणूस मान टेकवतो बरोबर तिथे दोन शब्द लिहिले, 'परत जा'. मग पेनाला टोपण लावून ते खिशाला अडकवलं आणि आपल्या थांब्यावर उतरून गेला. पलीकडच्या प्रवाशाने हे बघितलं आणि वर्तमानपत्र जरा वर धरलं. सफाईवाल्यांनी घासून पाहिलं, शाई निघेना. तेव्हा मला पुन्हा शिवणखात्यात पाठवलं.

ती तिथेच होती. डगला तोच, फक्त बुटांच्या टाचा एका बाजूने झिजलेल्या. फोरमनकाकांनी मला बघितलं आणि घाईघाईने माझं तोंड भिंतीकडे वळवलं.

"ही राहू द्या बाई. ही मी करतो."

"काका, तुम्हाला मशीनमध्ये दोरा ओवता येत नाही."

तिने मला टेबलावर घेतलं. वाचलं. काका चष्मा पुसत उभे राहिले.

"वाचलंत?" त्यांनी विचारलं.

"इथली अक्षरं शिकत होते तेव्हा सरावाला रस्त्यावरच्या पाट्या वाचायचे. भिंतींवरचंही वाचायचे. हे दोन शब्द मला फार लवकर यायला लागले."

"कुठल्या गाडीने जाता घरी?"

"चालत जाते."

"चालत? किती लांब आहे?"

"सव्वा तास. रस्ता ओला असला तर दीड."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

काका स्टुलावर बसले. "मला बोलला का नाहीत?"

"बोलून तुम्ही काय करणार होतात, काका?"

काकांनी पुसलेला चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "राग येत नाही तुम्हाला?"

"रागाला ताकद लागते. संध्याकाळी ती उरत नाही माझ्याकडे." एवढं बोलून तिने टाके उसवायला घेतले. पाठीचा तो तुकडा सोडवला, इतर कातरणांबरोबर डब्यात टाकला आणि नवा बसवला. दुहेरी शिवण, घट्ट कोपरे. दोन्ही जागांवर बसून बघितलं. मग पुढची सीट ओढली.

मी बसमध्ये परतले त्या संध्याकाळी थांब्यावर दोघं उभी होती. काका तिला सांगत होते, "मला मुलीकडे जायचंय, तिकडूनच." त्यांची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते हे शिवणबाईला ठाऊक होतं. ती खिडकीशी बसली, काका वाटेकडे. कितीतरी दिवसांनी माझ्या दोन्ही बाजूंना वजन आलं. काका दोन थांबे गप्पा मारत होते, तिसऱ्याला झोपून गेले. त्यांचं डोकं तिच्या खांद्यावर पडलं. ते घोरू लागले. तिने खांदा हलवला नाही.

असं तीन आठवडे चाललं. मुलीचं निमित्त कधीच संपलं, पण काका येत राहिले. मग एके दिवशी राखाडी कोटवाला आणि त्याची बायको चढली. तो माझ्यापाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपल्याच गावात आपल्याला बसायला जागा नाही."

काका उठले. घाबरले होते. तरी म्हणाले, "जागा हवीय ना? घ्या. बाईंच्या शेजारी बसा. तुम्ही आजवर बसलाय ती प्रत्येक सीट यांनी शिवलेली आहे, त्यामुळे काळजी नको."

माणूस तसाच उभा राहिला. बस कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात त्याची बायको त्याच्या हाताखालून पुढे आली.

"जरा सरकता का?" ती शिवणबाईला म्हणाली.

सरकायला जागाच नव्हती, शिवणबाई आधीच खिडकीला चिकटलेली होती. तरी तिने पिशवी उचलली. ती बाई बसली, दुखरा गुडघा वाटेत लांब केला आणि सुस्कारा सोडला. नवरा शेजारी उभा राहून बाहेर बघत राहिला. शिवणबाईचा थांबा आला तेव्हा ती बाई पाय आवरून उभी राहिली. "पायरी ओली आहे, जपून उतरा," एवढं म्हणाली.

पुढे सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. राखाडी कोटवाला त्यानंतर पुष्कळदा भेटला, कधी एकटा, आणि एकटा असला की काहीबाही बोलायचाच. जागा बघून पुढे सरकणारे आजही आहेत. शिवणबाई पुन्हा बसने जाऊ लागली, बाकी फारसं बदललं नाही. काका निवृत्त झाले. धाकटी रुसून म्हणते, "ताई, आपण दुसऱ्या शहरात जाऊ." शिवणबाई म्हणते, "तिथेही बसनेच जावं लागेल."

येत्या महिन्यात आमची बस भंगारात निघणार आहे. माझ्या जागी कडक प्लॅस्टिकच्या सीटा येतील, त्यांना शिवण लागत नाही म्हणतात. मित्रांनो, त्यांना फाडू नका, त्यांच्यावर लिहू नका, हे तर सांगतेच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. भरल्या बसमध्ये एखाद्या माणसाशेजारी जागा रिकामी दिसली, आणि ती का रिकामी आहे हे तुम्हाला कळलं, तर तिथे जाऊन बसा. बोललंच पाहिजे असं नाही. तुम्हीही दमलेले असाल. नुसतं बसा.