सवाष्णीचं पान

चंद्रभागाकाकूंनी तांब्यातलं पाणी जयलक्ष्मीच्या पावलांवर ओतलं आणि मान वर करून विचारलं,

"फार कढत नाही ना ग?"

जयलक्ष्मीनं खाली पाहिलं. परातीतून वाफ निघत होती, म्हणजे पाणी गरम असणार. किती गरम, ते तिला कळत नव्हतं. गेले तीन महिने घोट्याखालचं तिला धड काहीच कळत नव्हतं. मागच्या आठवड्यात ती रायापूरच्या स्टॉपवर उतरली, तेव्हा डाव्या पायातली चप्पल बसमध्येच राहिली होती, आणि हे तिच्या ध्यानात आलं ते घराचं फाटक उघडताना.

"बरोबर आहे, काकू," ती म्हणाली.

काकूंनी तिची पावलं पुसली, हळद-कुंकू लावलं आणि परात शेजारी बसलेल्या वेदश्रीपुढं सरकवली. पाणी पडताच वेदश्रीनं पाय मागं ओढला.

"काकू, भाजतंय की."

"अग बाई. मग तुझ्या आईनं कसं सोसलं?" काकू हसल्या आणि सुनेला गार पाणी आणायला सांगितलं. जयलक्ष्मीही हसली. वेदश्री मात्र आईच्या लालबुंद झालेल्या पावलांकडे बघत होती. जयलक्ष्मीनं हळूच निरी खाली ओढून पावलं झाकली.

श्रावणातला तिसरा शुक्रवार होता. धारवाडात माळमड्डीला काकूंच्या घरी या दिवशी एक सवाष्ण आणि एक कुमारिका जेवायला असायची, आणि गेली दहा वर्षं ती सवाष्ण म्हणजे जयलक्ष्मी आणि कुमारिका म्हणजे तिची लेक. याला कारण होतं. जयलक्ष्मी एके काळी मन लावून जेवायची. सवाष्णीच्या रूपानं देवीच जेवते असं एकदा मानलं, की देवीनं दोन घास चिवडून उठावं हे कुठल्या घरच्या बाईला आवडेल? एकशे बारा किलोंची जयलक्ष्मी पाटावर बसली की काकूंना आपल्या स्वयंपाकाचं सार्थक झाल्यासारखं वाटे. त्या एकशे बारा किलोंचं दुःख मात्र जयलक्ष्मीचं एकटीचं होतं. गुडघे, जिना चढताना लागणारी धाप, रिक्षात शेजारी कुणी बसायला न धजणं, हे सारं तिनं वीस वर्षं गिळलं आणि एक दिवस तिला ते गिळवेना.

दोन हजार सहा साली पुण्याला जाऊन तिनं पोट लहान करून घेतलं. तिचे यजमान वादिराज धारवाडच्या कोर्टात वकिली करत. त्यांचा साफ विरोध होता. "धडधाकट बाईनं आपण होऊन पोट कापून घ्यायचं, हे कुठलं शहाणपण?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. जयलक्ष्मी आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, तेव्हा कुठे ते तयार झाले. गावात सांगितलं अल्सरचं ऑपरेशन म्हणून. दीड वर्षात ती चौसष्ट किलोंवर आली. ओळखीच्या बायका रस्त्यात थांबवून तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागल्या. वादिराज एका संध्याकाळी फिरायला गेले असताना म्हणाले, "माझंच चुकलं होतं बघ. तुझं बरोबर." त्या एका वाक्यानं जयलक्ष्मीच्या तोंडाला कुलूप लागलं. ज्याच्याशी भांडून एखादी गोष्ट मिळवली आणि ज्यानं हार मान्य केली, त्याच्यापुढं रडायचं तरी कसं?

रडण्यासारखं पुष्कळ होतं. गोड पोटात गेलं की पंधरा-वीस मिनिटांत छातीत धडधड सुरू होई, अंग घामानं भिजे, हातपाय थरथरत आणि डोळ्यांपुढं अंधारी येई. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं. गोड टाळा, गोळ्या आणि इंजेक्शनं जन्मभर घ्यायची, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, असं कागदावर लिहूनही दिलं होतं. पहिलं वर्ष तिनं सगळं केलं. मग पुण्याला जायचं म्हटलं की घरात त्रासाचा विषय निघणं आलं, अल्सरची गोष्ट चारचौघांत नव्यानं रंगवणं आलं, आणि ती जायची थांबली. गोळ्या आणि इंजेक्शनंही सुटली. गेल्या महिन्यात मूठभर चुरमुऱ्यांबरोबर अर्धा बुंदीचा लाडू खाल्ला आणि दोन तासांनी शुद्धीवर आली ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर. गॅसवरचं दूध जळून पातेलं काळं झालं होतं. फोन आला होता, त्यात विसरले, असं तिनं घरी सांगितलं.

सांगायचं नाही म्हटलं, की पानातलं संपवणं आलं. त्यावर तिनं तोड काढली होती. घरी काय, लग्नामुंजीत काय, ती वेदश्रीच्या शेजारी बसे आणि पहिला घास मोडायच्या आधी आपली पोळी, आपला जिलबीचा वेढा, आपला भाताचा अर्धा ढीग लेकीच्या पानात सरकवी. "घे ग. तुझ्या वयाला पचतं." वेदश्री शाळेत शिकवून दमून आलेली असे, निमूटपणे खाई. आईचं पान रिकामं दिसे आणि कुणी काही विचारत नसे. दोन वर्षं हे चाललं होतं.

दोन वर्षांत वेदश्री एक्क्याण्णव किलोंची झाली. दोन ठिकाणचे लोक बघून गेले आणि पत्रिका जमत नाही असं कळवून मोकळे झाले. दुसऱ्यांदा निरोप आला त्या दिवशी ती आईला म्हणाली, "मलाही पुण्याला ने. तुला जमलं, तसं मला जमेल." वादिराजांनी या वेळी एका शब्दानंही हरकत घेतली नाही. सोमवारची तिकिटं काढून झाली होती. बुधवारी ऑपरेशन होतं.

गेले पंधरा दिवस जयलक्ष्मी भीतीनं वाळत चालली होती. ऑपरेशन वाईट असं तिचं म्हणणं नव्हतं. पण पोर तिच्याकडे बघून निघाली होती, आणि जे बघून निघाली होती ते निम्मं खोटं होतं. दोनदा तिनं बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा कपड्यांच्या याद्या करत बसली. भित्र्या माणसाला कामं बरी सापडतात.

अनुसयेनं, काकूंच्या सुनेनं, पानं मांडली. दर वर्षी शेजारी असणारे दोन पाट आज खोलीच्या दोन टोकांना होते.

"या वर्षी कुमारिकेला देवासमोर बसवायचं ठरवलंय," काकू म्हणाल्या. "पोरीचं पोटाचं काही लहानसं ऑपरेशन आहे म्हणालीस ना? देवाच्या नजरेपुढं जेवू दे."

जयलक्ष्मीचं पान एकटंच होतं. शेजारी भिंत होती.

"पुरणपोळी अर्धीच वाढा, काकू. सकाळपासून पोट जड आहे."

"देवीला अर्धी वाढतात होय? गोडाचा घास आधी घ्यायचा. मग बाकीचं."

पोळीवर तुपाची धार पडली. दाराशी अनुसया आणि शेजारच्या दोघी बायका सवाष्ण कधी हात घालते याची वाट बघत उभ्या होत्या. जयलक्ष्मीनं तुकडा मोडला. एक घास खाऊन पुढं भातावर जाऊ, असं तिनं ठरवलं होतं. काकू हलल्या नाहीत. पोळी संपेपर्यंत त्या पानापुढं बसून होत्या आणि संपताच त्यांनी स्वतःच्या हातानं दुसरी वाढली. सवाष्णीनं पानात टाकायचं नसतं. जयलक्ष्मी घास गिळत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

मध्येच तिची नजर समोर गेली. वेदश्रीनं एक पोळी खाल्ली होती. अनुसया दुसरी घेऊन वाकली, तेव्हा तिनं पानावर आडवा हात धरला.

"साकु, अक्का. पोट भरलं माझं."

"एकीनं कुठं भरतंय? घे की."

"खरंच नको. मला एवढंच लागतं."

तिनं आमटीभात कालवला, तोही मूठभर, आणि सावकाश जेवू लागली. जयलक्ष्मीचा घास हातातच राहिला. शेजारी बसल्यामुळं लेकीचं पान तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. नेहमी त्या पानात दोघींचं असे.

घड्याळात वीस मिनिटं झाली. आधी कानशिलं तापली. मग छातीत धडधड सुरू झाली, कपाळावर, मानेवर, पाठीवर घाम फुटला आणि डावा हात पाटाच्या कडेवर थडथड वाजू लागला. तिनं तो उजव्या हातानं दाबून धरू पाहिला, तर तोही थरथरत होता. समोरची समई दोन दिसू लागली. आता आपण इथंच पडणार, असं तिला वाटलं, आणि तिला मरणाची भीती वाटली.

पहिल्यांदा अनुसयेनं पाहिलं. तिनं तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि सासूला हाक मारली.

"अत्ती, बघा."

काकूंनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच पालटला. सौंदत्तीची यल्लम्मा त्यांची कुलदेवता. त्यांच्या सासूबाईंच्या अंगात याच खोलीत, याच शुक्रवारी देवी येत असे. त्या गेल्यापासून बावीस वर्षं आली नव्हती. काकू पुढं झाल्या. जयलक्ष्मीच्या कपाळावर त्यांनी मळवट भरला, तो घामात ओघळला. मग त्यांनी जमिनीला डोकं टेकलं. दाराशी उभ्या असलेल्या दोघींनीही हात जोडले.

"आई, आलीस," काकू म्हणाल्या. "काही चुकलं असलं तर पदरात घे. ही पोर बघ. बुधवारी हिचं ऑपरेशन आहे. करावं की नको, तूच सांग."

जयलक्ष्मीला सगळं ऐकू येत होतं. आणि त्या धडधडीतही तिला लख्ख कळलं, की एक शब्द पुरे आहे. नको. घोगऱ्या आवाजात तेवढं म्हणायचं आणि डोळे मिटून आडवं व्हायचं. काकू आजच रायापूरला येतील. पंचांग बघितल्याशिवाय परगावी न जाणारे वादिराज देवीचा शब्द मोडून पुण्याला निघणार नाहीत. वेदश्री वाचेल. अल्सर अल्सरच राहील, आणि तिला कधीही, कुणालाही काही सांगावं लागणार नाही. शब्द ओठांवर आला होता.

तिनं लेकीकडे पाहिलं. वेदश्रीनंही खरकटे हात जोडले होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती वाट बघत होती. देवीनं आपल्यालाच नको का म्हटलं, हे ही पोर जन्मभर स्वतःला विचारत राहील, हे जयलक्ष्मीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काकू, उठा," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "देवी नाही आली. मी आहे."

काकूंनी मान वर केली.

"गोड खाल्लं की मला असं होतं. दर वेळी होतं." श्वास घ्यायला ती थांबली. "अल्सर नव्हता. वजनासाठी पोट लहान करून घेतलं होतं मी. सांगितलेली औषधं सोडली. आता पायही बधिर झालेत."

काकूंनी जोडलेले हात सोडले आणि ते कुठं ठेवावेत हे न कळून मांडीवर ठेवले. दारातल्या दोघींपैकी एक हळूच म्हणाली, "देवी असंच काहीबाही बोलते."

कुमारिकेनं भरल्या पानावरून उठायचं नसतं. वेदश्री उठली. खोली ओलांडून ती आईपाशी बसली, तिला भिंतीला टेकवलं आणि डाव्या हातातल्या ओढणीनं तिच्या कपाळावरचं कुंकू आणि घाम पुसला.

"कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून."

"अप्पांना ठाऊक आहे?"

जयलक्ष्मीनं नकारार्थी मान हलवली. ती लेकीच्या रागाची वाट बघत होती, आणि आता तिला त्या रागाचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती. वेदश्री बराच वेळ तिच्या मनगटावर बोटं ठेवून बसली. शाळेत भोवळ आलेल्या मुलींची नाडी ती अशीच बघत असे.

"सोमवारी जाऊ या," अखेर ती म्हणाली. "तुला दाखवायला. माझं मग बघू. अप्पांना मी सांगते."

"मी सांगेन."

"बरं."

धडधड हळूहळू उतरत होती. अनुसयेनं पाणी आणून दिलं. वेदश्रीनं पेला आईच्या ओठांना लावला आणि तिचं लक्ष आईच्या पानाकडे गेलं. दुसरी पोळी निम्मी तशीच पडली होती, तूप थिजलं होतं. मग तिनं वळून समोरच्या आपल्या पानाकडे पाहिलं. पुन्हा आईच्या पानाकडे पाहिलं.

"म्हणून माझ्या पानात वाढायचीस?"

जयलक्ष्मीनं डोळे मिटले.

"मला भूक नसायची ग आई," वेदश्री म्हणाली. "मला वाटायचं, मी खाल्लेलं तुला आवडतं."