रोज सांगायची ओळ

लग्नाला वर्ष होत आलं, तरी सासरे जावयाशी धड एक वाक्य बोलले नव्हते. त्याने फोन केला की "थांबा, हिला देतो" म्हणून मोकळे. जावयाला स्वतःचे वडील फारसे लाभले नव्हते, त्यामुळे हे त्याच्या मनाला फार लागायचं.

जन्मभर जमिनी मोजलेल्या सासऱ्यांना निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर नकाशे काढायची हुक्की आली आणि जावयाचं नशीब फळफळलं. त्याने सासऱ्यांकडे जाऊन, आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी उघडली आणि एक आज्ञा दिली. पॅकेज मॅनेजर नावाच्या सोयीने नकाशांचा प्रोग्रॅम आपोआप आणून बसवला आणि शेवटी चार ओळींची सूचना छापली. जावयाने ती वाचली नाही. सूचना वाचल्या तर जाणकार कसला!

मशीनला प्रोग्रॅम काही सापडेना. मग त्याने एक ओळ लिहून मशीनला त्याचा पत्ता सांगितला, आणि नकाशा उघडला. सासरे म्हणाले, "हं." जावई तरंगतच घरी आला.

दुसऱ्या दिवशी फोन. प्रोग्रॅम गायब. ती ओळ त्या खिडकीपुरतीच जगते, आणि सासरे म्हणजे उघडं फाटक दिसलं तर शेजाऱ्याचंही लावून येणारे. त्यांनी खिडकी बंद केली असणार. जावयाने ओळ फोनवर सांगितली. मध्येच डॉलरचं चिन्ह आल्यावर हे इथे कशाला कडमडलं, असं सासऱ्यांनी विचारलं.

मग रोजच सकाळी फोन येऊ लागला. ओळ झाली की गुडघेदुखी, मग शेजाऱ्याने हद्दीबाहेर बांधलेली भिंत, मग लेक लहानपणी किती हट्टी होती ते. खिडकी उघडताना मशीन दर वेळी आधी जी फाइल वाचतं, तिच्यात हीच ओळ एकदा टाकली की कटकट कायमची मिटते, हे जावयाला चांगलं ठाऊक होतं. पण तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

जावयाच्या बायकोला हे कळलं तेव्हा तिने त्याची खरडपट्टी काढली. म्हातारा माणूस रोज ती किचकट ओळ टाइप करतो, आणि हा मजा बघतो. जावयाला खरंच लाज वाटली. रविवारी तो सासऱ्यांकडे गेला, चुकलो म्हणाला आणि ती फाइल उघडली.

ओळ तिथे आधीच होती.

"पहिल्याच दिवशी टाकली," सासरे म्हणाले. "तुम्ही गेल्यावर वर सरकवून सूचना वाचली. सगळं लिहिलं होतं तिथे."

"मग रोज फोन का करत होतात, बाबा?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, उगाचच पुसला.

"नुसतं कसं आहात म्हणून फोन करायचा, ते मला जमत नाही," ते म्हणाले. "उद्या सकाळी करतो. ओळ सांगा."