सकाळचे वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा, नावात काटा असलेला पण अंगात एकही काटा नसलेला. माझ्या कपाळावर हिरवे आकडे उमटतात. एका प्रयोगशाळेच्या प्राणीघरात, बेसिनशेजारच्या ओट्यावर मी अकरा वर्षे ठाण मांडून आहे. कारखान्यात तंत्रज्ञाने माझ्यावर तांदळाचा एक दाणा ठेवला आणि त्याचाही आकडा मी अचूक दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "शाब्बास!" मी असा काही फुगलो, की मला वाटले आपली वर्णी सोनाराकडेच लागणार. लागली ती पांढऱ्या उंदरांकडे.

पहिल्याच आठवड्यात इथले काम मला समजले. तापावरची साधी गोळी प्रमाणाबाहेर पोटात गेली, तर धडधाकट माणसाचे यकृत दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकते. अशा रोग्यांसाठी औषध शोधायचे, म्हणून आधी उंदरांचे यकृत निकामी करायचे. तेही मुद्दाम! माझ्यासारख्या बिनकाट्याच्या अंगावरही काटा आला. पण हे काम करणाऱ्या डॉक्टरबाईंचा धाकटा भाऊ याच आजाराने गेला होता, हे कळल्यावर त्यांना दूषण द्यायला माझी जीभ रेटेना.

माझे काम सोपे होते. उंदराला गोळीचे द्रव्य टोचण्याआधी रात्रभर उपाशी ठेवतात, कारण पोटभर खाल्लेल्या उंदराचे यकृत ते बरेचसे पचवून टाकते. म्हणून संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा वजन करायचे. सकाळी उंदीर दोनेक ग्रॅम हलका भरला, की तो खरोखर उपाशी राहिला असे समजायचे. त्या दोन ग्रॅमवर माझी सारी अब्रू होती. बाई माझ्यावरून अलगद कापूस फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हा खोटं बोलत नाही."

वय कुणाला चुकले आहे? पुढेपुढे मला आकड्यावर स्थिर व्हायला अर्धे मिनिट लागू लागले. बाई वैतागायच्या. "हा म्हातारा काही बूड टेकायला तयार नाही!" मग त्यांनी सकाळचे वजन करणेच सोडून दिले. माझ्या ताटलीवर हातमोज्यांचा खोका आला. मला फार वाईट वाटले.

त्याच दिवसांत बाईंचे नवे औषध शेवटच्या परीक्षेला उतरले. चोवीस उंदीर होते. सोयीसाठी म्हणून बाईंनी औषध मिळणारे बारा खालच्या फळीवर ठेवले आणि न मिळणारे बारा वरच्या. दोन दिवसांनी पाहतात तो वरचे दहा गेलेले आणि खालचे बाराच्या बारा टुणटुणीत! बाई हसल्याही आणि रडल्याही. औषध रोग्यांना द्यायचे की नाही, हे ठरवणारी बैठक सोमवारी होती. त्यांनी लगेच अहवाल छापला आणि पाकीट माझ्याच खोक्यावर टेकवले.

पिंजरे साफ करणाऱ्या मावशी तिथेच होत्या. त्यांनी हात पदराला पुसले.

"बाई, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"आज कोण रागावतंय, मावशी! सांगा की."

"त्या दिवशी संध्याकाळी मला राहवलं नाही बघा. एवढीएवढीशी पोटं, रात्रभर उपाशी ठेवायची म्हणजे... मी मूठमूठ खाणं टाकलं त्यांना. सगळं फस्त केलं हो!"

"कुणाला टाकलंत?"

"खालच्यांना. स्टूल मोडलंय ना, वरच्या फळीला माझा हात पोचत नाही."

बाईंनी वाकून खालच्या फळीकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मावशी, ते माझ्या औषधानं नाही वाचले. तुमच्या खाण्यानं वाचले."

मावशींचा चेहरा आधी फुलला आणि मग पांढराफटक पडला. "अगं बाई! मग सोमवारनंतर तुम्ही माणसांना काय देणार होता?"

मित्रांनो, मी सुन्न झालो. मला हे त्या सकाळीच कळले असते. खालचे उंदीर हलके भरलेच नसते आणि मी तो आकडा ढळढळीत दाखवला असता. पण माझ्या छातीवर हातमोजे होते.

बाईंनी पाकीट फाडले आणि बैठकीच्या प्रमुखांना फोन केला. "निकाल चुकलाय. माझी चूक आहे." त्यानंतर त्यांनी आणखी चोवीस उंदीर मागवले.

"पुन्हा चोवीस?" मावशी म्हणाल्या. "माझ्या दयेपायी?"

"खाणं तुम्ही टाकलंत, मावशी. पण सकाळी वजन केलं असतं, तर टोचायच्या आधीच हात आवरता आला असता. ते मी केलं नाही."

या वेळी दोन्ही फळ्यांवर दोन्ही गटांचे उंदीर मिसळून ठेवले. खोका उचलला गेला. मावशींनी एकेक उंदीर ओंजळीतून माझ्यावर आणला. मी नेहमीसारखा वेळ घेतला, पण कुणी वैतागले नाही. चोवीसही हलके भरले. औषध मिळालेल्या बारांतले दहा गेले. न मिळालेल्यांतलेही दहाच गेले. बाईंची सहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली. त्या नळ सुरू ठेवून कितीतरी वेळ बेसिनपाशी उभ्या होत्या आणि मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

मित्रांनो, मला पुसा किंवा पुसू नका, पाहिजे तर म्हातारा म्हणा. पण ज्यांचा जीव तुम्ही हातात घेता, त्यांचे वजन न बघता पुढे जाऊ नका. आणखी चोवीस उंदीर आणावे लागले, कारण एका सकाळी माझ्यासमोर अर्धे मिनिट थांबायला कुणाला वेळ नव्हता.